सट्ट्याचा महसूल कोणाकडे, मृत्यूच्या चौकशीचा खर्च कोणावर?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या काउन्सिलच्या अंदाजपत्रकात ‘कॉरोनर सेवा’ या शीर्षाखाली वर्षामागून वर्ष तूट दिसते आणि काउन्सिल टॅक्स वाढवताना तिचा उल्लेख होतो. दुसरीकडे ऑनलाइन सट्ट्याच्या कंपन्यांकडून सरकारच्या तिजोरीत कोट्यवधी पाउंड जमा होतात. मग जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनला आणि अकस्मात मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला सरकार पैसे देते तरी कसे, आणि जुगारापायी झालेल्या आत्महत्येच्या चौकशीचा खर्च कंपन्यांकडूनच का वसूल होत नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. मी इंग्लंडमधल्या एका काउन्सिलच्या अर्थविभागात कॉरोनर सेवेचे आणि परवाना विभागाचे हिशेब सांभाळत आलो आहे, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो. स्कॉटलंडमध्ये कॉरोनर हे पदच नाही, तिथे प्रोक्युरेटर फिस्कल हे काम पाहतो. उत्तर आयर्लंडमध्ये कॉरोनर आहे, पण तिथला जुगाराचा कायदा निराळा आहे. त्यामुळे पुढचे विवेचन इंग्लंड आणि वेल्सपुरते समजावे.

प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी दूर करणे बरे. या दोन्ही संस्था सरकारी वाटत असल्या, तरी मध्यवर्ती सरकारच्या सर्वसाधारण महसुलातून दोहोंपैकी एकीचाही मुख्य खर्च भागत नाही. गॅम्बलिंग कमिशनला ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्या परवानाधारकांच्या शुल्कातून पैसे मिळतात, आणि कॉरोनरचा खर्च स्थानिक काउन्सिल उचलते. जुगारावरचा कर मात्र या दोघांनाही वगळून थेट ट्रेझरीत, म्हणजे ब्रिटनच्या अर्थखात्याकडे जातो. पैशाच्या या तीन वाटा कुठेही एकमेकींना मिळत नाहीत, आणि माझ्या मते तुम्हाला दिसलेल्या विसंगतीचे मूळ नेमके इथे आहे.

गॅम्बलिंग कमिशनची स्थापना 2005 च्या जुगार कायद्याने झाली आणि त्या कायद्याचा पूर्ण अंमल 1 सप्टेंबर 2007 पासून सुरू झाला. कमिशनचे मुख्यालय बर्मिंगहॅमला आहे आणि संस्कृती, माध्यमे व क्रीडा खाते त्याचे पालक खाते आहे. प्रत्येक परवानाधारकाला अर्जाचे शुल्क आणि पुढे दरवर्षी वार्षिक शुल्क भरावे लागते. वार्षिक शुल्काचे टप्पे व्यवसायाच्या आकारावर, म्हणजे बहुतेक प्रकारांत ग्राहकांनी लावलेल्या रकमेतून जिंकलेली रक्कम वजा जाता कंपनीकडे जे उरते त्यावर, ठरतात. हे शुल्क देखरेखीचा खर्च भरून निघावा एवढेच असावे, त्यातून नफा होऊ नये आणि करदात्यावर बोजाही पडू नये, हा ट्रेझरीचा जुना दंडक आहे. राष्ट्रीय लॉटरीच्या देखरेखीचा खर्च वेगळा आहे. 2013 मध्ये लॉटरी कमिशन या कमिशनमध्ये विलीन झाले, तरी तो खर्च लॉटरीतून सत्कार्यासाठी बाजूला पडणाऱ्या निधीतूनच येतो.

वरवर पाहता ही व्यवस्था निर्दोष आहे, पण तिच्यात एक खोच आहे. शुल्काचे दर कमिशन स्वतः ठरवू शकत नाही. ते मंत्र्यांनी नियम करून, संसदेपुढे ठेवून ठरवावे लागतात. त्यामुळे बाजार दर महिन्याला बदलतो आणि देखरेखीचे उत्पन्न काही वर्षांतून एकदा बदलते. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने फेब्रुवारी 2020 च्या अहवालात नेमके हेच दाखवून दिले होते. सुमारे 1,130 कोटी पाउंडांच्या उद्योगावर लक्ष ठेवण्यासाठी कमिशनकडे परवाना शुल्कातून सुमारे 1.9 कोटी पाउंड होते, आणि उद्योगाची वाढ झाली तरी कमिशनला आपली क्षमता त्या वेगाने वाढवता येत नव्हती. त्याच वर्षी संसदेच्या लोकलेखा समितीनेही या विषयावर बरीच कडक भाषा वापरली. त्यानंतर ऑक्टोबर 2021 पासून ऑनलाइन परवान्यांचे वार्षिक शुल्क 55 टक्क्यांनी आणि एप्रिल 2022 पासून दुकाने, कॅसिनो वगैरेंचे 15 टक्क्यांनी वाढवण्यात आले. एकदम 55 टक्के वाढ करावी लागते, याचा अर्थ मधली काही वर्षे देखरेख कमी पैशांत चालली होती, असा आम्हा हिशेबाच्या माणसांचा सरळ निष्कर्ष असतो.

दंडाबद्दल लोकांचा नेहमी गैरसमज होतो. वर्तमानपत्रात मोठे आकडे येतात. ऑगस्ट 2022 मध्ये एन्टेन या कंपनीने 1.7 कोटी पाउंड आणि मार्च 2023 मध्ये विल्यम हिल समूहाने 1.92 कोटी पाउंड भरण्याचे ठरले, तेव्हा कमिशन आता श्रीमंत झाले असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात विधिवत दंड लावला, तर कमिशनचा खर्च वजा करून बाकी रक्कम ट्रेझरीच्या एकत्रित निधीत जमा होते. तडजोडीने भरलेली रक्कम आतापर्यंत जुगाराचे दुष्परिणाम कमी करणाऱ्या कामांकडे वळवली जात असे. देखरेख करणाऱ्याचा पगार दंडाच्या वसुलीवर अवलंबून राहू नये हे तत्त्व मला मान्य आहे, कारण तसे झाले तर तो गुन्हे थांबवण्याऐवजी गुन्ह्यांची वाट पाहत बसेल. मात्र एवढी रक्कम हाताखालून जाऊनही कमिशनला एक तपासनीस जास्तीचा नेमता येत नाही, हेही खरे आहे.

कमिशनला सरकारी पैसा मिळत नाही, याला अपवाद एक आहे आणि तो अलीकडचा आहे. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात ऑनलाइन कॅसिनो प्रकारच्या खेळांवरचा कर एप्रिल 2026 पासून 21 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर नेण्याचे जाहीर झाले. एवढी वाढ झाली की काही ग्राहक बेकायदा संकेतस्थळांकडे वळणार, हे ट्रेझरीलाही दिसत होते. म्हणून त्याच अर्थसंकल्पात बेकायदा बाजाराविरुद्धच्या कामासाठी कमिशनला तीन वर्षांत 2.6 कोटी पाउंड सरकारी पैशांतून देण्याचे ठरले. परवानाधारकांची तक्रार फार दिवसांची होती की, परवाना न घेणाऱ्यांना पकडण्याचा खर्च परवाना घेणाऱ्यांनी का सोसावा. तिला हे उत्तर मिळाले. तुम्ही ज्याला सरकारी निधी म्हणता, तो कमिशनच्या बाबतीत हा असा आणि एवढाच आहे.

आता आणखी एक पैसा, म्हणजे लेव्ही, ठरावीक कामासाठी उद्योगाकडून घ्यायचा वेगळा आकार. 2005 च्या कायद्याच्या 123 व्या कलमाने सरकारला परवानाधारकांवर सक्तीची लेव्ही बसवण्याचा अधिकार दिला होता, पण जवळजवळ वीस वर्षे तो वापरलाच गेला नाही, कारण उद्योग स्वेच्छेने देणग्या देत होता. स्वेच्छेची देणगी म्हणजे किती द्यायचे, कधी द्यायचे आणि कोणाला द्यायचे हे देणाऱ्याने ठरवायचे. एप्रिल 2023 च्या सरकारच्या जुगारविषयक श्वेतपत्रिकेनंतर चित्र पालटले आणि एप्रिल 2025 पासून सक्तीची लेव्ही लागू झाली. ऑनलाइन कॅसिनो व सट्टा यांना 1.1 टक्का, सट्ट्याच्या दुकानांना आणि जमिनीवरच्या कॅसिनोंना 0.5 टक्का, आणि सामाजिक संस्थांच्या लॉटऱ्यांना 0.1 टक्का अशी तिची उतरंड आहे. वर्षाला 9 ते 10 कोटी पाउंड जमावेत, त्यातला निम्मा वाटा राष्ट्रीय आरोग्य सेवेमार्फत उपचारांना, 30 टक्के प्रतिबंधाला आणि 20 टक्के संशोधनाला जावा, अशी आखणी आहे. गोळा करण्याचे काम कमिशन करते, खर्चाचे निर्णय मात्र त्याच्याकडे नाहीत. उपचार, प्रतिबंध आणि संशोधन या तीन खणांत मृत्यूनंतरच्या चौकशीसाठी खण नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

कॉरोनरकडे वळू. हे पद इंग्लंडमध्ये 1194 पासून आहे, आणि सुरुवातीला त्याचे मुख्य काम राजाचे आर्थिक हक्क राखणे, म्हणजे मृत्यूच्या निमित्ताने राजाला मिळायचे दंड आणि जप्ती बुडू न देणे, हेच होते. जो अधिकारी तिजोरी भरण्यासाठी नेमला गेला, त्याच्या आजच्या खर्चाला ती तिजोरी हात लावत नाही, ही इतिहासाची थट्टा म्हणायची. आजचा कायदा 2009 चा आहे आणि त्याचा अंमल जुलै 2013 पासून सुरू झाला. कॉरोनर हा स्वतंत्र न्यायिक अधिकारी असतो. त्याची नेमणूक काउन्सिल करते, पण त्यासाठी लॉर्ड चॅन्सेलर (म्हणजे न्यायमंत्री) आणि मुख्य कॉरोनर या दोघांची संमती लागते. एका कॉरोनर क्षेत्रात अनेक काउन्सिले असतील, तर त्यांपैकी एक प्रमुख काउन्सिल ठरते आणि बाकीच्या आपापला हिस्सा तिच्याकडे भरतात. कर्मचारी आणि जागा पुरवण्याचे बंधन कायद्याने काउन्सिलवर आहे, चौकशीत धावपळ करणारे कॉरोनरचे अधिकारी अनेक ठिकाणी पोलिसांच्या पगारावर असतात, आणि न्याय मंत्रालयाकडे फक्त धोरण आणि मुख्य कॉरोनरचे छोटे कार्यालय आहे. मुख्य कॉरोनर मार्गदर्शन करतो, पण एखाद्या क्षेत्रात एक कारकून वाढवून देण्याइतकाही निधी त्याच्या हातात नसतो.

काउन्सिलच्या अर्थविभागाच्या दृष्टीने हे शीर्ष सगळ्यात अवघड आहे, कारण इथे खर्च ठरवणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा. ग्रंथालयाची वेळ कमी करता येते, रस्त्याचे डांबरीकरण एक वर्ष पुढे ढकलता येते. कॉरोनरने एखाद्या मृत्यूची चौकशी करायचीच असे ठरवले की, ती करू नका असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि तो नसावा हेच योग्य आहे. या शीर्षाखाली काय काय येते ते सांगतो, म्हणजे तूट कुठून येते ते कळेल. मृतदेह घरातून किंवा रस्त्यावरून शवागारात नेण्याचे कंत्राट, शवागारातल्या जागेचे रुग्णालयाला द्यायचे भाडे, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचे मानधन, रक्त आणि ऊतींच्या विषतपासणीचे बिल, अलीकडे काही भागांत सीटी स्कॅनने होणाऱ्या तपासणीचा खर्च, ज्युरी बसली तर तिचे भत्ते, साक्षीदारांचा प्रवासखर्च आणि कॉरोनरच्या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले तर वकिलांची फी. 2013 च्या नियमांत साध्या शवविच्छेदनाचे मानधन 96.80 पाउंड आणि विशेष तपासण्यांसह 276.90 पाउंड असे ठरलेले आहे. अनुभवी डॉक्टर या पैशांत हे काम करायला तयार होत नाहीत, डॉक्टर मिळत नाही म्हणून मृतदेह दूरच्या शवागारात न्यावा लागतो, मग वाहतुकीचे बिल वाढते, आणि तिकडे कुटुंब अंत्यसंस्काराच्या तारखेसाठी फोन करत राहते. नियमातली एक रक्कम वेळेवर वाढवली नाही, तर ती दुसऱ्या तीन शीर्षांतून दामदुपटीने बाहेर पडते, हे मी हिशेबाच्या पानावर पाहिलेले आहे.

त्यात एखादी मोठी इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूच्या कारणाची कॉरोनरपुढची जाहीर सुनावणी, आली की संपला विषय. तुरुंगातला मृत्यू, रुग्णालयातल्या चुकांची मालिका, अनेक बळींचा अपघात, यांपैकी काहीही त्या क्षेत्रात घडले, तर लहान काउन्सिलचे या शीर्षाचे वर्षाचे अंदाजपत्रक एका सुनावणीत जाऊ शकते. केंद्राकडून काउन्सिलांना मिळणाऱ्या अनुदानात कॉरोनरसाठी राखून ठेवलेला वेगळा हिस्सा नसतो. जे आहे त्यातूनच वृद्धांची देखभाल, मुलांचे संरक्षण आणि कॉरोनर हे सगळे भागवायचे. साहजिकच एका क्षेत्रात कॉरोनरला प्रशस्त न्यायदालन आणि पुरेसे कर्मचारी असतात, तर दुसऱ्या क्षेत्रात भाड्याच्या सभागृहात सुनावणी होते. मृत्यू कोणत्या जिल्ह्यात झाला यावर चौकशीचा दर्जा अवलंबून राहावा, हे कुणालाच समर्थनीय वाटत नाही, तरी ते चालू आहे.

उपाय सुचवलेला नाही असे नाही. 2003 मध्ये टॉम ल्यूस यांच्या समितीने आणि आपल्याच रुग्णांचे खून करणाऱ्या डॉ. शिपमनच्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या डेम जॅनेट स्मिथ यांनी, दोघांनीही, राष्ट्रीय पातळीवर चालणाऱ्या सेवेची शिफारस केली. मे 2021 मध्ये संसदेच्या न्याय समितीने तीच मागणी पुन्हा केली आणि सरकारने ती मान्य केली नाही. कारण उघड आहे: आज जो खर्च काउन्सिलांच्या हिशेबात विखुरलेला आहे, तो एका मंत्रालयाच्या खाती एका ओळीत दिसू लागेल. उत्तर आयर्लंडमध्ये 2006 पासून एकच कॉरोनर क्षेत्र आहे आणि सेवा न्यायालय विभागामार्फत चालते. न्यूझीलंडमध्येही 2006 च्या कायद्यानंतर कॉरोनर सेवा केंद्रीय न्याय मंत्रालयाच्या निधीवर चालते. केंद्राचा पैसा आला म्हणून विलंब आपोआप संपत नाही, न्यूझीलंडलाही खोळंबलेल्या प्रकरणांशी झुंजावे लागले आहे, पण निदान प्रश्न कोणाला विचारायचा हे तिथे ठरलेले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2024 साली सुमारे 1 लाख 75 हजार मृत्यू कॉरोनरांना कळवले गेले, आणि मृत्यू कळवल्यापासून इन्क्वेस्ट पूर्ण होईपर्यंत सरासरी 31 आठवड्यांच्या आसपास लागतात. सप्टेंबर 2024 पासून आरोग्य सेवेच्या पैशांतून नेमलेले वैद्यकीय परीक्षक इतर मृत्यूंची छाननी करतात, त्यामुळे कॉरोनरकडे येणारी साधी प्रकरणे कमी झाली. उरलेली मात्र जास्त गुंतागुंतीची आहेत.

जुगार आणि कॉरोनर यांची गाठ नेमकी कुठे पडते, तर 24 वर्षांच्या एका शिक्षकाच्या 2017 मधल्या मृत्यूच्या प्रकरणात ती पहिल्यांदा ठळकपणे पडली. त्याची इन्क्वेस्ट शेफील्डला झाली आणि मार्च 2022 मध्ये निकाल आला, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यातला मोठा भाग एका कायदेशीर प्रश्नावर गेला: मृत्यू कसा झाला एवढेच पाहायचे, की नागरिकाच्या जिवाचे रक्षण करण्याचे राज्यसंस्थेचे कर्तव्य पाळले गेले का, हेही पाहायचे? कॉरोनरने व्यापक चौकशी केली, जुगाराचा मृत्यूला हातभार लागला असा निष्कर्ष नोंदवला, जुगाराविषयीचे इशारे, माहिती आणि उपचार अत्यंत अपुरे होते असे म्हटले, आणि पुढचे मृत्यू टाळण्यासाठीचा अहवाल तीन मंत्रालयांना पाठवला. पुढच्या वर्षी लेस्टरमधल्या एका इन्क्वेस्टमध्ये सट्ट्याची कंपनी स्वतः पक्षकार म्हणून हजर होती, आणि कंपनीच्या संगणकीय यंत्रणेने मृत ग्राहकाला कमी जोखमीचा ठरवले होते ही गोष्ट पुराव्यात आली. या दोन्ही चौकशांतून निघालेले धडे देशभरच्या धोरणाला उपयोगी पडले. सुनावणीचा खर्च मात्र त्या त्या भागातल्या काउन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी सोसला.

कुटुंबांच्या बाजूने पाहिले, तर अडचण आणखी खोल आहे. जुगारापायी आत्महत्या झाली की नाही, हे कळायला मृताच्या खात्यांतल्या हजारो नोंदी लागतात: रात्री किती वाजता किती पैसे भरले, हरल्यानंतर किती मिनिटांत पुन्हा भरले, कंपनीने बोनस कधी पाठवला, मर्यादा घालण्याची विनंती केली होती का. माहिती संरक्षणाचा कायदा जिवंत माणसांपुरता आहे, म्हणून मृताच्या वतीने त्या कायद्याखाली नोंदी मागता येत नाहीत. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने कंपनीकडे मागावे लागते किंवा कॉरोनरने लेखी हुकूम काढावा लागतो. कॉरोनरचा हुकूम इंग्लंड आणि वेल्सबाहेर चालत नाही, आणि या धंद्यातल्या अनेक कंपन्यांचा कारभार जिब्राल्टर किंवा माल्टामधून चालतो. ऑनलाइन सुरक्षेच्या 2023 च्या कायद्याने लहान मुलांच्या मृत्यूच्या बाबतीत ऑफकॉम या माध्यमांच्या नियामक संस्थेमार्फत समाजमाध्यमांकडून माहिती मिळवण्याची सोय कॉरोनरला करून दिली आहे. जुगाराच्या नोंदींसाठी अशी स्वतंत्र वाट आखलेली नाही. नोंदी आल्या, तरी त्या वाचून अर्थ लावणारा तज्ज्ञ नेमायला पैसे लागतात. ज्या कॉरोनरच्या टेबलावर शेकडो प्रकरणे पडलेली आहेत आणि ज्याच्या काउन्सिलने वर्षाच्या मध्यावरच तूट जाहीर केलेली आहे, तो गळफासाच्या साध्या दिसणाऱ्या प्रकरणात हा प्रश्न विचारेलच असे नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि प्रश्न विचारलाच गेला नाही, तर आकडाही तयार होत नाही. जुगाराशी निगडित आत्महत्या इंग्लंडमध्ये वर्षाला किती, याचा सरकारी अंदाज 2021 मध्ये 409 होता. जानेवारी 2023 मध्ये पद्धत बदलल्यावर तो 117 ते 496 असा झाला. पहिला अंदाज स्वीडनमधल्या अभ्यासावर बेतलेला होता, कारण इथल्या कॉरोनरांच्या निष्कर्षांतून मोजण्याजोगी माहितीच निघत नव्हती. इतका सैल आकडा समोर असताना देखरेखीला किती पैसा हवा याचा युक्तिवाद कोण कसा करणार? उद्योग म्हणतो नुकसान अतिरंजित आहे, कुटुंबे म्हणतात ते दडपलेले आहे, आणि दोघांनाही खोडून काढण्याइतका पुरावा कोणाकडे नसतो. एप्रिल 2024 पासून, ग्राहकाने आत्महत्या केल्याचे कळल्यास कंपनीने कमिशनला कळवणे बंधनकारक झाले आहे. पाऊल योग्य दिशेने आहे, पण कंपनीला कळणार कुठून? बहुतेक वेळा कुटुंबाने किंवा कॉरोनरने सांगितल्याशिवाय ते कळत नाही, म्हणजे फिरून गाडी कॉरोनरच्या दारात येते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. इन्क्वेस्टचा खर्च संबंधित कंपनीकडून थेट वसूल करावा, या मताचा मी नाही. ज्या चौकशीत कंपनी पक्षकार असू शकते, त्या चौकशीचे पैसे तिनेच भरले, तर निकाल कोणताही लागो, त्याच्यावर संशयाची सावली राहील. शिवाय कंपनीचा संबंध आहे की नाही हे चौकशीअंतीच कळणार, मग सुरुवातीला बिल कोणाच्या नावे फाडायचे? इन्क्वेस्ट कोणाचीही फौजदारी किंवा दिवाणी जबाबदारी ठरवत नाही, असे कायद्यातच लिहिलेले आहे, त्यामुळे निकालानंतर खर्च लादणे हेही त्या चौकटीत बसत नाही. लेव्हीचा पैसा मात्र वेगळा आहे. तो सर्व परवानाधारकांकडून कायद्याने, दराने, कोणत्याही एका प्रकरणाशी संबंध न ठेवता जमा होतो, आणि 123 व्या कलमाची भाषा जुगाराशी निगडित हानीच्या सर्व प्रकारांना सामावून घेण्याइतकी रुंद आहे. त्यातला अगदी छोटा हिस्सा मुख्य कॉरोनरच्या कार्यालयाकडे देऊन तिथे खात्यांच्या नोंदी मिळवणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे एक मध्यवर्ती पथक ठेवले, आणि कोणत्याही क्षेत्रातल्या कॉरोनरने मागणी केली की ते काउन्सिलला बिल न पाठवता मदतीला गेले, तर शवविच्छेदनाच्या मानधनापासून कर्मचाऱ्यांपर्यंतचे बाकी प्रश्न सुटले नाहीत, तरी हा एक सुटेल. बाकीच्यांसाठी केंद्राने सेवा आपल्याकडे घ्यावी हाच मार्ग आहे, आणि त्याची मला नजीकच्या काळात फारशी आशा नाही.

कुटुंबांना वकील मिळण्याचा मुद्दा यातच येतो. कंपनी किंवा मंत्रालय ज्येष्ठ वकिलांसह उभे राहते, आणि कुटुंबाला कायदेशीर मदत फक्त अपवाद म्हणून मिळते. जानेवारी 2022 पासून त्या अपवादाला उत्पन्नाची अट नाही एवढाच दिलासा. सप्टेंबर 2025 मध्ये संसदेत मांडलेल्या, हिल्सबरो कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विधेयकात सरकारी संस्था पक्षकार असलेल्या इन्क्वेस्टमध्ये कुटुंबांना मदत देण्याची तरतूद आहे, परंतु समोर फक्त खासगी सट्टा कंपनी असेल तर तिचा उपयोग होणार नाही.

महाराष्ट्राचे काय, असेही तुम्ही जाता जाता विचारले आहे. मुंबईत 1871 च्या कायद्यान्वये कॉरोनर होता आणि ते पद 1999 मध्ये बंद झाले. आता राज्यभर अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि तपास पोलीसच करतात, पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम 174 खाली आणि आता नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली, आणि शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात होते. त्यामुळे खर्च राज्याच्या पोलीस आणि आरोग्य खात्यांत मिसळून जातो आणि तो वेगळा दिसतच नाही. जुगाराच्या बाजूला, 1976 चा महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा कधीच अंमलात आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंचे परवाना शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते आणि देखरेखीचे काम कर गोळा करणाऱ्या खात्याच्या आयुक्तांकडे सोपवलेले आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राने 2025 च्या कायद्याने बंदीच घातली. इंग्लंडची पद्धत तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही, म्हणून तुलना इथेच सोडतो.

तुमच्या काउन्सिलची तूट कशामुळे आहे हे पाहायचे असेल, तर अंदाजपत्रकाच्या पुस्तकात कॉरोनरचे शीर्ष नियामक सेवा किंवा लोकशाही व कायदा सेवा यांखाली शोधा, आणि तुमची काउन्सिल प्रमुख आहे की हिस्सा भरणारी आहे ते आधी तपासा. हिस्सा भरणारी असेल, तर तपशील शेजारच्या काउन्सिलकडे मिळेल. माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली अर्ज काउन्सिलला करा, उत्तरासाठी तिला कामाचे 20 दिवस असतात. कॉरोनर न्यायिक अधिकारी असल्याने त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे त्याच्या कार्यालयाला लिहिलेला अर्ज परत येईल. शवविच्छेदन, शवागार, वाहतूक आणि विषतपासणी यांचे गेल्या पाच वर्षांचे आकडे वेगवेगळे मागा. एकच बेरीज मागितलीत, तर मिळेल तीही बेरीजच, आणि तिच्यावरून काहीही कळणार नाही.